ओसरीवरून दिसलेलं स्थलांतर

मराठी कथा-कादंबरीत घर सोडून गेलेला माणूस सहसा दोनदाच दिसतो. एकदा निघताना आणि दुसऱ्यांदा घरात कुणी वारल्यावर परत येताना. मधली वीस-पंचवीस वर्षं तो कुठं राहिला, शेजार कुणाचा होता, मुलांशी कोणत्या भाषेत भांडला, सणावाराचं काय राखलं आणि काय सोडून दिलं, याची खबरबात क्वचितच लागते. लिहिणारा जुन्या घराच्या ओसरीवर बसून लिहितो आहे, हे त्याचं कारण. ओसरीवरून रस्ता दिसतो, जाणारा-येणारा दिसतो. गेल्या ठिकाणचा संसार दिसत नाही. गेल्या साठ वर्षांत आपल्याकडे स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यातलं काही फार मोलाचं आहे. पण स्थलांतरित कुटुंबाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं कथात्म साहित्य मराठीत अजून जेमतेम सुरू झालं आहे, असं माझं मत आहे.

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)त राहून हा विषय पुस्तकी वाटत नाही. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या या गावातली पोरं बारावीनंतर वर्ध्याला नाहीतर नागपूरला जातात. आयटीआय किंवा इंजिनीअरिंग झालं की पुण्याकडे, म्हणजे चाकण, रांजणगाव, हिंजवडी. एखादा त्याहूनही लांब. मध्यंतरी शेजारच्या घरी व्हिडिओ कॉल चालला होता. आजीनं विचारलं, ‘काय खाल्लं रे बाबू? मले सांग नं.’ पडद्यावरचं पहिली-दुसरीतलं पोरगं म्हणालं, ‘आजी, मले नसतं, मला असतं.’ सगळे हसले. आजीही हसली आणि पुढचं वाक्य जपून, पुस्तकातल्यासारखं बोलली. त्या पोराच्या बापाची गोष्ट मराठीत शंभरदा लिहून झाली आहे. आजीची तर त्याहून जास्त वेळा. त्या पोराची कुणी लिहिली?

या उणिवेचा उगम शोधायचा तर जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’पर्यंत मागं जावं लागतं. अमेरिकेनं १९६५ मध्ये आपले स्थलांतराचे कायदे बदलले आणि शिकलेल्या भारतीयांना तिथं दार उघडलं. डॉक्टर-इंजिनीअर मुलं निघाली आणि इकडं ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींचा जन्म झाला. १९७३ चं हे नाटक त्या काळाच्या मानानं फार पुढचं होतं. मुलाची वाट पाहणारं म्हातारं जोडपं, दिवस ढकलण्यासाठी त्यांनी काढलेल्या लहानसहान युक्त्या आणि हळूहळू कळत जाणारं वास्तव. दळवींनी ते कुठंही भाबडेपणा न आणता मांडलं. नुकसान केलं ते नंतरच्यांनी. त्या एका नाटकाचा साचा झाला आणि दिवाळी अंकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यातून निघाल्या. आधी निळं एअरमेल पत्र होतं, मग ट्रंक कॉल, मग स्काइप. यंत्र बदललं, कथा तीच राहिली. मुलगा कृतघ्न किंवा बायकोच्या मुठीत, सून परकी आणि नातू म्हणजे भिंतीवरचा फोटो. वाचकाला रडायला हक्काची जागा मिळाली. ‘तिकडं नेमकं काय चाललं असेल?’ हे कुतूहल मात्र मेलं, आणि कुतूहलाशिवाय कादंबरी होत नाही.

या साच्याला मोठा धक्का विदर्भातूनच बसला. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. नाटक असूनही ते या चर्चेत घ्यावं लागतं, कारण एका घराण्याच्या पिढ्यांचा पट मराठी कादंबरीनंही इतक्या संयमानं क्वचितच उभा केला आहे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत. मुंबईहून त्यांचा मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली येतात. दाराशी ट्रॅक्टर गंजतो आहे. शिक्षण राहून गेलेली त्याची बहीण प्रभा आतल्या आत धुमसते आहे. तेराव्याचा खर्च कुणी करायचा, यावरून घराची सगळी दुखणी बाहेर पडतात. वरवर हा ओसरीवरूनच पाहिलेला देखावा आहे: मृत्यू झाला आणि गेलेला परत आला. पण एलकुंचवारांनी या पाहुण्याला मुका ठेवला नाही.

सुधीरकडे जवळून पाहिलं तर हे लक्षात येतं. घरच्यांशी बोलताना तो वऱ्हाडी वळणावर येतो आणि अंजलीकडे वळला की मुंबईच्या मराठीवर जातो. कसलंही भाष्य न करता नाटककारानं एका माणसाची दोन घरं त्याच्या जिभेवर ठेवली आहेत. गावातल्यांचा समज, मुंबईचा भाऊ म्हणजे पैसेवाला. मुंबईतल्या भावाच्या हिशेबी गावची इस्टेट हा अडीनडीचा आधार. दोघंही एकमेकांच्या भरवशावर आहेत आणि दोघांचीही झोळी रिकामी आहे. वाडा पडतो आहे हे सगळ्यांना दिसतं. मुंबईची जागाही तितकीच अपुरी आहे, हे सुधीरच्या तोंडूनच कळतं. अंजलीवरही नाटककार अन्याय करत नाही. तिला या घरात जाच होतो तो खराच, आणि तिच्यातलं परकेपणही खरंच.

पुढं ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आले. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ही त्रिनाट्यधारा सलग केली, तेव्हा पुढची पिढी मध्यभागी आली: सुधीरच्या थोरल्या भावाचा, भास्करचा पराग आणि सुधीरचा अभय. एक गावात राहिलेला, दुसरा मुंबईहून परदेशी गेलेला. शेवटच्या नाटकात दुष्काळानं करपलेल्या धरणगावात हे दोन चुलतभाऊ समोरासमोर बसतात, तेव्हा कुणी कुणाकडून काय घ्यायचं, हा प्रश्नच उरत नाही. दोघांचाही वारसा रिता आहे. मराठीत स्थलांतराच्या दुसऱ्या पिढीला इतकी जागा आणि इतकी बुद्धी आधी कुणी दिली नव्हती. तरीही मर्यादा राहतेच. अभयचं मुंबईतलं बालपण, विदर्भाचं आडनाव घेऊन तिथल्या शाळेत वाढणं, हे सारं रंगमंचाबाहेर घडून गेलं आहे. तो आपल्याला भेटतो तो वाड्यातच. बैठक इथंही ओसरीवरचीच. फक्त तिथं बसलेल्याची नजर फार तीक्ष्ण आहे.

ओसरी सोडून खरोखर परमुलखात जाऊन लिहिणारेही मराठीत झाले. विलास सारंगांची ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) इराकमध्ये घडते. सारंगांनी स्वतः बसऱ्यात शिकवलं होतं आणि त्या कादंबरीतलं परकेपण अस्सल आहे. गौरी देशपांड्यांच्या ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’मध्ये मराठी बाई आणि जपानी पुरुष यांच्यातलं नातं कुठलाही देखावा न करता येतं. सानियांच्या ‘स्थलांतर’पासून पुढच्या लेखनात घरापासून लांब, परक्या शहरांत स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बायका सतत भेटतात. या तिघांनी मराठी कथेचा भूगोल वाढवला, हे ऋण मोठं आहे. पण त्यांची माणसं बहुधा एकेकटी आहेत. सारंगांचा नायक एकटा येतो, एकटाच वावरतो. गौरी देशपांड्यांच्या नायिकांना घर, नाती, वय या सगळ्यांतून स्वतःला मोकळं करायचं असतं. परदेश ही त्यांच्या मोकळिकीची जागा आहे. तिथं भाड्याचं घर घेऊन, मुलांना शाळेत घालून, गणपती कुठून आणायचा याची चौकशी करणारं कुटुंब या पुस्तकांच्या कक्षेत येत नाही. ओसरीवरच्या लेखकाला घर दिसलं, पण परमुलूख दिसला नाही. या लेखकांना परमुलूख दिसला, पण घर नकोसं होतं.

या दोन्हींच्या मधली वाट नागपूरच्या आशा बगे यांनी ‘भूमी’त धरली. या कादंबरीला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तिची चर्चा बहुतेक वेळा स्त्रीच्या आत्मशोधाची कादंबरी म्हणूनच झाली. मैथिलीची आई तमिळ, वडील मराठी. तमिळ मुलखात वाढलेली ही मुलगी पुढं महाराष्ट्रात वडिलांच्या नात्यागोत्यात येते. लोक म्हणणार, आपल्या माणसांत आली. तिच्या लेखी मात्र इथलं सारं नवंच आहे. जाणाऱ्याची किंवा परतणाऱ्याची गोष्ट इथं नाही. कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या स्थलांतरातून जन्मलेल्या मुलीची आहे. मराठीत हा कोन दुर्मीळ. वारसा म्हणजे आयती मिळालेली वस्तू नसून एकेक करून निवडावी लागणारी गोष्ट आहे, हे बगे यांना नेमकं कळलं आहे. माझी तक्रार आहे ती पुढची. बगे यांचा कल अंतर्मुखतेकडे आहे आणि दोन संस्कृतींमधली ओढाताण त्यांच्याकडे लवकरच मनाच्या प्रौढपणात विरघळते. शाळेतली थट्टा, नातेवाइकांचं टोचून बोलणं, स्वयंपाकघरातली कुरबुर यांत कादंबरी आणखी थोडी रेंगाळायला हवी होती.

परदेशस्थ मराठी मंडळींचं स्वतःचं लेखन हा वेगळा कप्पा आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. कॅनडातून निघणाऱ्या ‘एकता’सारख्या नियतकालिकानं तिकडच्या लिहित्या हातांना मराठी पान दिलं. या कथांचं महत्त्व नाकारता येणार नाही, पण हे लेखन जवळजवळ सगळं पहिल्या पिढीचं आहे. मुलं त्यात येतात ती आईबापांच्या काळजीचा विषय म्हणून: मुलगी कुणाबरोबर फिरते, मुलगा मराठीत उत्तर का देत नाही. अपर्णा वेलणकर यांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ या पुस्तकात, जे कथात्म नाही, त्या मुलांची बाजू कितीतरी कथांपेक्षा जास्त ऐकू येते. ललित लेखकांनी हे मनावर घ्यायला हवं.

त्या मुलांनी लिहायचं ठरवलं तर ती इंग्रजीत लिहिणार, हे उघड आहे. बंगाल्यांच्या बाबतीत तेच झालं. झुंपा लाहिरींच्या ‘द नेमसेक’ (२००३) मध्ये बाप आणि मुलगा या दोघांनाही सारखा न्याय मिळतो. मुलाला नावाची लाज वाटते, पण त्या नावामागचा बापाचा अपघात वाचकाला त्याच्या आधीच ठाऊक असतो. कादंबरीची सारी ताकद या अंतरात आहे. कोणती पिढी किती जाणते, हे लेखिका मोजून-मापून उघड करते. आपल्या दिवाळी कथेत बापाचं दुःख सगळ्यांना ठाऊक असतं आणि मुलाचं कुणालाच नसतं, म्हणून ती एका अंगावर कलते. मराठी माणसांच्या स्थलांतराची इंग्रजीतली चांगली कादंबरी शोधायची तर मला एस्थर डेव्हिड आठवतात. त्यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात बेने इस्रायली रेचल एकटी राहते, ओस पडलेलं प्रार्थनास्थळ जपते. मुलंबाळं इस्रायलला गेली आहेत. बैठक ‘संध्याछाया’चीच, पण ही म्हातारी वाट पाहत बसत नाही. रांधते, भांडते, जागा वाचवण्यासाठी उभी राहते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या समाजाची ही कथा अहमदाबादच्या लेखिकेनं इंग्रजीत लिहावी, यात आपल्यासाठी एक टोमणा आहेच.

मराठी साहित्य खऱ्या अर्थानं उजवं ठरतं ते देशातल्या देशात, बहुतेकदा एकाच भाषेच्या मुलखात झालेल्या स्थलांतराबाबत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक पोटापाण्यासाठी संसार हलवते तेव्हा तिच्यासाठी दुसरं गावही परदेशच असतं. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला (संग्रह १९६३) नायक नोकरीसाठी परगावी जातो. तिथं ओळख लपवणं म्हणजे जिवावरचा खेळ. परदेशस्थ भारतीयांच्या कथांमध्ये ‘मी कोण?’ हा प्रश्न पुष्कळदा निवांतपणी पडतो. बागुलांच्या माणसाला तो लोक मारायला धावतात तेव्हा पडतो. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) तर कोकणातून गिरणगावात आलेल्या कुटुंबाची पुढची पिढीच मध्यभागी आहे. १९८२ चा संप बापाच्या पिढीनं केला, राख मुलांच्या वाट्याला आली. एकाला लेखक व्हायचंय, एक टोळीत गेलाय. आणि कोकणातलं गाव आता परतण्याची जागा राहिलेलं नाही. पवार त्याच वस्तीत वाढले होते आणि बागुलांनी कामगार वस्ती आतून पाहिली होती. ज्यांनी स्वतः स्थलांतराची किंमत मोजली किंवा ज्यांच्या आईबापांनी मोजली, त्यांच्या हातून हे लेखन घडलं. सगळा फरक या बैठकीचा आहे.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’लाही (२००२) मी याच रांगेत बसवतो, जरी तिला शेतकऱ्याची कादंबरी म्हणून ओळखतात. शिकलेला एकनाथ गाव सोडू शकत नाही, नोकरी मिळत नाही, शहरी वळणाची बायको घर सोडते. न झालेल्या स्थलांतराची ही कथा आहे. आंजीतल्या दहा घरांमध्ये असा एकनाथ आजही सापडेल, आणि त्याचा धाकटा भाऊ चाकणला. पण चाकणच्या भाड्याच्या खोलीतल्या त्या भावाची, त्याच्या लातूरकडच्या बायकोची आणि ‘मला’ म्हणणाऱ्या त्याच्या पोराची कादंबरी कुठं आहे? तिथं वऱ्हाडी नवरा, मराठवाडी बायको, बिहारी शेजारी आणि पुणेरी शिक्षिका यांच्यामधून एक नवी मराठी घडते आहे. एवढा ऐवज दारात पडलेला असताना मराठी लेखक अजून न्यू जर्सीच्या बर्फावर लिहितो, याचं नवल वाटतं.

याहून मोठी उणीव येणाऱ्यांची आहे. गेलेल्यांसाठी आपण डोळे पुसले. आपल्याकडं आलेल्यांकडे मान वर करून पाहिलंच नाही. वर्धा जिल्हा तर आलेल्यांनीच घडवला. कापसाच्या व्यापारासाठी मारवाडी घराणी इथं उतरली. राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातून दत्तक आलेला मुलगा जमनालाल बजाज झाला. त्यांच्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारं १९२८ मध्ये सर्वांना उघडली गेली. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यात आले, गांधीजी १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्यांच्यामागं देशभरातून माणसं आली. पूर्वेकडं गडचिरोलीत, मूलचेरा-चामोर्शी भागात, साठच्या दशकात पूर्व बंगालचे निर्वासित वसवले गेले. त्यांची नातवंडं घरी बांगला बोलतात आणि बाजारात मराठी. गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. अल्का सरावगींनी ‘कलिकथा : वाया बाइपास’मध्ये कलकत्त्यातल्या मारवाडी घराण्याच्या पिढ्या हिंदीत उभ्या केल्या. विदर्भातल्या अशाच एखाद्या घराण्याची मनात ठसावी अशी मराठी कादंबरी अजून यायची आहे. ग्रामीण कथेत मारवाडी आला तो सावकार म्हणून, तराजू घेऊन. त्याच्या पोरीला शाळेत काय म्हणत, हे कुणी विचारलं नाही. विदर्भाच्या वाड्याचं दुःख ज्यांनी अजरामर केलं ते एलकुंचवारही मूळ तेलुगू भाषक घराण्यातले आहेत, हे इथं आठवलेलं बरं. आलेल्या घराला या मातीचं काय काय कळू शकतं, याचा आणखी पुरावा नको.

रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) निराळ्याच दिशेनं हात घातला. एका मराठा कुळाच्या कैक शतकांच्या वाटचालीत पूर्वज सतत उठतात, हलतात, दुसरीकडं रुजतात. इथं मूळचे कोण, या प्रश्नाची हवाच त्यांनी काढून घेतली. कादंबरी पसरट आहे, काही भागांत इतिहास कथेला खाली दाबतो. पण ओसरीवर बसलेल्यालाही, ‘तुझा खापरपणजा कुठून आला होता?’ असं विचारणारी ही कादंबरी आहे, आणि तिच्यामुळं या सगळ्या चर्चेचा पाया हलतो.

समीक्षेचीही यात चूक आहे. ग्रामीण, महानगरी, दलित, आदिवासी, स्त्रीवादी असे खण आपण करून ठेवले. त्यांनी एके काळी मोठं काम केलं, नवी माणसं लिहिती केली. पण एक पाय आंजीत आणि एक चाकणमध्ये असलेलं कुटुंब यांतल्या कुठल्याच खणात बसत नाही. मग त्याच्यावर लिहिलेलं पुस्तक अर्धं ग्रामीण म्हणून एका चर्चासत्रातून सुटतं आणि अर्धं शहरी म्हणून दुसऱ्यातून. २०२३ च्या फेब्रुवारीत नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात ९६ वं साहित्य संमेलन भरलं. अशा संमेलनांत भाषा टिकेल का, याची काळजी वाहिली जाते. भाषा कुणाच्या तोंडी बदलते आहे आणि त्यांना कुणी लिहायला बोलावलं आहे का, हा प्रश्न त्याहून कामाचा आहे.

पुढची मोठी वैदर्भीय कादंबरी वाड्यात लिहिली जाईल असं मला वाटत नाही. ती चाकणच्या खोलीत, मूलचेऱ्याच्या बंगाली घरात किंवा हिंगणघाटच्या एखाद्या मारवाडी पेढीमागच्या माजघरात लिहिली जाईल. लिहिणाऱ्याच्या घरात दोन किंवा तीन बोली असतील आणि त्याची मराठी आपल्या कानांना जागोजागी वाकडी लागेल. दिवाळी अंकांच्या आणि प्रकाशनांच्या संपादकांना एवढीच विनंती आहे: ते हस्तलिखित हाती पडेल तेव्हा भाषा सरळ करायला बसू नका, आधी छापा.